पिवळी खूण

मिस्त्रीचा माणसांवर फारसा विश्वास नव्हता, आणि त्यात त्याचं काही चुकत होतं असंही नाही. माणसं गाडी घेऊन येतात आणि बिनदिक्कत थापा मारतात. "कालपर्यंत अगदी नीट होती हो," म्हणतात, आणि बॉनेट उघडून बघावं तर ऑइलच्या नावानं शंख. "मी कुठे जोरात चालवतो?" असं विचारणाऱ्याचं ब्रेकचं पॅड झिजून पार लोखंडाला लागलेलं असतं. गाडीला थापा मारायला तोंड नाही, म्हणून मिस्त्रीला गाडी आवडायची. चौतीस वर्षं तो फक्त छोट्या गाड्यांचं काम करत आला होता. मोठ्या गाड्यांचे मालक त्याला झेपत नसत, असं त्याची बायको म्हणायची.

गॅरेज म्हणजे पत्र्याचं एक लांबट शेड. एक लिफ्ट, एक खड्डा, कोपऱ्यात बिनपाठीच्या दोन खुर्च्यांचं ऑफिस, आणि हात धुवायच्या नळाखाली कायमचा काळा पडलेला चौकोन. भागीदार एकच, बायकोचा धाकटा भाऊ. इंजिन, चाकं, ब्रेक मिस्त्रीकडे; दिवे, बॅटरी आणि वायरींचा गुंता मेहुण्याकडे. त्यामुळे सगळी गल्ली मेहुण्याला 'वायरमन' म्हणायची. वायरमन बडबड्या होता, अंगानं सुटलेला होता आणि दाजींच्या शिव्या खाऊन खाऊन पक्का निर्लज्ज झाला होता. तीस वर्षं एका छपराखाली काम करणाऱ्या दाजी-मेहुण्यांत जेवढं प्रेम उरतं, तेवढं दोघांत होतं. म्हणजे होतं, पण त्याची वाच्यता कुणी करत नसे.

मिस्त्रीची सगळ्यांत मोठी खोड म्हणजे पिवळी खूण. चाक काढून बसवलं की त्याचे चारही नट तो टॉर्क पान्यानं कसायचा. हा पाना साधा नसतो. त्यावर आकडा लावायचा, आणि तेवढा जोर पडला की तो 'टक्' असा आवाज करतो. मग पुढे ओढायचं नाही. टक् झालं की मिस्त्री खिशातून पिवळ्या रंगाचं जाड पेन काढायचा आणि प्रत्येक नटापासून चाकाच्या पत्र्यापर्यंत एक बारीक रेघ ओढायचा. रेघ सरळ आहे तोवर नट जागेवर आहे. रेघ तुटलेली दिसली तर नट फिरला. आधी टक्, मग रेघ, हा क्रम त्यानं चौतीस वर्षांत मोडला नव्हता. गिऱ्हाइकं गाडी न्यायला आली की वाकून आधी पिवळ्या रेघा बघायची आणि निर्धास्त होऊन चावी घ्यायची.

सात महिन्यांपूर्वी बायको बाथरूममध्ये घसरली. कमरेचा सांधा मोडला. पहिलं ऑपरेशन बिघडलं, दुसरं कसंबसं झालं, आणि ती खाटेला खिळली. डॉक्टरांनी बजावून सांगितलं, दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, नाहीतर पाठीला जखमा होतील. दिवसा शेजारीण येऊन बसायची. रात्र मिस्त्रीची. दर दोन तासांनी गजर वाजायचा, तो उठायचा, एक हात तिच्या खांद्याखाली, एक कमरेखाली घालून तिला वळवायचा, पाठीला उशी लावायचा, पुन्हा आडवा व्हायचा आणि डोळा लागतो न लागतो तोच पुन्हा गजर. लांब राहणारी मुलगी फोनवर म्हणायची, "बाबा, एखादी बाई ठेवा." वायरमन म्हणायचा, "दाजी, एक रात्र मी, एक रात्र तुम्ही." मिस्त्री दोघांनाही एकच उत्तर द्यायचा, "माझ्या बायकोचं मी बघीन." हे तो अशा आवाजात म्हणायचा की पुढे बोलायची कुणाची टाप नव्हती.

सात महिन्यांत माणूस किती थकतो हे ज्यानं असे दिवस काढलेत त्यालाच कळेल. मिस्त्री आता चहा घेताना कप तोंडाला लावून थांबायचा, कशासाठी उचलला होता ते आठवत. एकाच गाडीभोवती तीनदा फिरायचा. पण हात काम करत होते. हात चुकत नाहीत, असं तो स्वतःला सांगायचा, आणि त्यावर त्याचं सगळं चाललं होतं.

एके दिवशी शाळेतल्या बाई त्यांची लाल गाडी घेऊन आल्या. बाई गणित शिकवायच्या, नऊ वर्षं मिस्त्रीच्या गिऱ्हाईक होत्या आणि चाळीसच्या वर गाडी न नेण्याबद्दल प्रसिद्ध होत्या.

"घूं घूं असा आवाज येतो हो पुढून," त्या म्हणाल्या. "आणि मला दुपारी टेकडीपलीकडच्या हॉस्पिटलातून आईला घरी आणायचंय. होईल ना?"

मिस्त्री त्यांच्या शेजारी बसून गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आला. गाडी उजवीकडे वळली की आवाज वाढायचा, डावीकडे वळली की बसायचा. म्हणजे वळताना ज्या बाजूवर वजन जातं, ती डावी बाजू बोंबलत होती. लिफ्टवर चढवून त्यानं डावं चाक हातानं जोरात फिरवलं आणि दुसऱ्या हाताचा पंजा वरच्या स्प्रिंगवर ठेवला. स्प्रिंगमधून बारीक खरखर पंजात उतरली. उजव्या बाजूला पंजा ठेवला, तिकडे सगळं गुळगुळीत. "डावं बेअरिंग गेलंय," त्यानं सांगितलं. एवढ्यासाठी कुणी मशीन लावलं असतं. मिस्त्रीला पंजा पुरला. थकलेला असला तरी रोग ओळखण्यात त्याचा हात धरणारा त्या गल्लीत कुणी नव्हता.

बेअरिंग बदलायला दीड तास लागला. चाक बसवलं, नट हातानंच फिरवून ठेवले, कारण खरं कसायचं असतं ते चाक जमिनीला टेकल्यावर. गाडी खाली आणली आणि तेवढ्यात फोन वाजला. शेजारीण.

"अहो, वहिनी विचारतायत, दुपारची गोळी पांढरी की पिवळी? दोन्ही पाकिटं उघडी आहेत."

"पांढरी. पिवळी रात्रीची," मिस्त्री म्हणाला. फोन कान आणि खांद्यात दाबलेला. शेजारीण पुढे काहीतरी सांगत होती, वहिनी जेवल्या नाहीत, नळाला पाणी नाही, मुलीचा फोन येऊन गेला. मिस्त्री "हं, हं" करत होता. त्याच्या उजव्या हातात पिवळं पेन होतं. चार रेघा ओढून झाल्या. बोलत बोलतच तो नळाकडे गेला, हात धुतले, ऑफिसात बाईंच्या हातात चावी दिली. अडीच वाजता लाल गाडी गेली. पाठोपाठ वायरमन एका गाडीचा डायनॅमो आणायला बाजारात गेला.

चार वाजता मिस्त्रीनं पुढच्या गाडीसाठी टॉर्क पाना हातात घेतला. काम झालं की पाना शून्यावर आणून ठेवावा असं त्याच्या डबीवरच लिहिलं आहे, पण हल्ली ते राहून जायचं. आकडा पंच्याऐंशीवर होता.

मिस्त्री तो आकडा बघत उभा राहिला. पंच्याऐंशी म्हणजे सकाळची पांढरी गाडी. बाईंच्या लाल गाडीला एकशे दहा लागतात. लाल गाडी पांढरीच्या नंतरची. म्हणजे लाल गाडीला पाना लागलाच नाही.

तो आठवायला लागला. फोन आठवला, पांढरी गोळी आठवली, पेनाचं टोपण दातानं काढलेलं आठवलं. हातात पाना घेतल्याचं काही केल्या आठवेना. टक् ऐकल्याचं आठवेना. हातानं फिरवलेले चार नट आणि त्यांच्यावर चार पिवळ्या रेघा. बाई वाकून रेघा बघून गेल्या असणार. टेकडीचा रस्ता वळणावळणाचा. येताना मागच्या सीटवर हॉस्पिटलातून सुटलेली म्हातारी आई. असे नट पंचवीस-तीस किलोमीटरांत सुटतात, आणि सुटले की आधी चाक लटपटतं आणि मग चाकच राहत नाही.

त्यानं बाईंना फोन लावला. नुसती रिंग वाजली. गाडी चालवताना फोन उचलायचा नाही हे त्यानंच बाईंना बजावलं होतं. वायरमनला लावला, तर वायरमनचा फोन समोरच्या टेबलावर चार्जिंगला लावलेला वाजायला लागला. मिस्त्रीनं त्याला सणसणीत शिवी हासडली, पाना उचलला, शटर अर्धं ओढलं आणि स्वतःची जुनी गाडी काढली. तिचं एक दार हिरवं होतं आणि बाकी सगळी करडी.

गावाबाहेर पडेपर्यंत प्रत्येक सिग्नल त्याला तांबडा मिळाला. त्याचे हात कापत होते, आणि हे त्याला सगळ्यांत जास्त लागलं. बाकी सगळं गेलं तरी हात होते, आता तेही गेले, असं त्याच्या मनात येत होतं. तो रस्त्याच्या कडा बघत होता. लांबवर काही तांबडं दिसलं की तो गाडी हळू करायचा. जवळ गेल्यावर ती पाण्याची टाकी निघायची, नाहीतर कुणाचं पोस्टर. त्याला झोपही येत होती. एवढ्या भीतीतही माणसाला झोप येऊ शकते याची त्याला लाज वाटली. त्यानं काच खाली केली आणि स्वतःच्या मांडीला चिमटा काढला. आईला काही झालं तर, बाईंना काही झालं तर, आपण पुन्हा कुठल्याही गाडीला हात लावायचा नाही, हे त्यानं ठरवून टाकलं. मग करायचं काय, हे ठरवण्याइतकं त्राण उरलं नव्हतं.

टेकडीच्या उतारावर तिसऱ्या वळणापाशी लाल गाडी उभी होती. कडेला, थोडी तिरकी. दार उघडं, आणि बाई बाहेर उभ्या. गाडी थांबवून तो धावत सुटला, म्हणजे त्या वयात जेवढं धावता येतं तेवढं.

"काय झालं? चाक?"

"आईला मळमळतंय," बाई म्हणाल्या. "तुम्ही इथे कसे?"

चाक जागेवर होतं. चारही रेघा सरळ होत्या. मिस्त्री रस्त्यावर गुडघे टेकून बसला, पान्यावर एकशे दहाचा आकडा लावला आणि पहिल्या नटावर जोर टाकला. टक्. नट केसभरही हलला नाही. दुसरा, टक्. तिसरा, चौथा. चारही घट्ट. तो तिथेच चाकाला पाठ लावून खाली बसला.

"मिस्त्री, काय चाललंय?" बाईंचा आवाज आता वर्गातला झाला होता.

खोटं बोलणं सोपं होतं. नवीन बेअरिंग बसवलं की तपासायला यावं लागतं, एवढं म्हणालं असतं तरी बाईंनी उलट आभार मानले असते. पण त्याला खोटं रचायचाही कंटाळा आला होता.

"बाई, नट कसले की नाही ते मला आठवत नव्हतं. रेघा ओढल्या, पण आधी कसले का, ते आठवेना. म्हणून आलो. घट्ट आहेत."

बाईंनी वाकून चारही रेघा बघितल्या. मग म्हणाल्या, "आणि नसते तर?"

मिस्त्री पान्याचा आकडा शून्यावर आणू लागला.

"नऊ वर्षं मी त्या रेघा बघून गाडी नेते," बाई म्हणाल्या. "आता पुढच्या वेळी मी काय बघायचं?"

मागच्या सीटवरून म्हातारीनं खिडकीत तोंड काढलं. तिच्या हातात अजून उलटीसाठीची पिशवी होती. "अगं, माणूस मागे आला ना एवढ्या लांब? तू त्याला रस्त्यात उभं करून काय पाढे म्हणायला लावतेस?"

"आई, तू गप्प बस. तुला मळमळतंय ना?"

"मळमळ थांबली. ह्याचं तोंड बघून थांबली. माझ्यापेक्षा हाच आजारी दिसतोय."

बाईंना हसू आलं नाही. त्यांनी दार लावलं, आरशात बघितलं, दिवा दाखवला आणि चाळीसच्या वेगानं गाडी नेली. आभार मानले नाहीत, रागही पुन्हा बोलून दाखवला नाही. मिस्त्रीला वाटलं, त्या आता येणार नाहीत, आणि न आल्या तर त्यांचं बरोबरच असेल.

परत येताना त्याच्या डोक्यात हिशेब जुळेना. पाना पंच्याऐंशीवर होता, म्हणजे त्यानं नट कसले नव्हते, हे नक्की. नट मात्र एकशे दहाला हलले नाहीत, म्हणजे कुणीतरी त्याहून जास्त जोर लावून कसले होते. टॉर्क पान्यानं असं होत नाही. साध्या पान्यावर पाय देऊन उभं राहिलं की होतं. साध्या पान्यावर पाय देऊन उभा राहणारा आणि त्यासाठी तीस वर्षं शिव्या खाणारा माणूस मिस्त्रीच्या ओळखीत एकच होता.

वायरमन शेडच्या दारात उभा होता. "दाजी, शटर अर्धं टाकून कुठे पळालात? मला वाटलं ताईला काही—"

"लाल गाडीचे नट तू कसलेस?"

वायरमनचं तोंड मिटलं. ही गोष्ट इतकी क्वचित घडायची की तेवढं उत्तर पुरेसं होतं.

"तुम्ही हात धुवायला गेलात तेव्हा," तो शेवटी म्हणाला. "हातानंच फिरत होते, दाजी. चारही. कसल्यावर तुमच्या रेघा पुसून दुसऱ्या पिवळ्या पेनानं नव्या ओढल्या."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगणार होतो. तुम्ही फोनवर होता."

"खरं बोल. आजच बघितलंस, की रोज बघतोस?"

वायरमननं टेबलावरचा फोन उचलला, पुन्हा ठेवला. "रोज. तुमची रेघ झाली की मी एकदा पाना फिरवून बघतो. सहा महिने झाले."

"किती वेळा सैल सापडले?"

"जाऊ द्या ना आता."

"किती वेळा?"

"आज धरून तीनदा."

मिस्त्रीला वाटलं याच्या कानाखाली एक द्यावी. पण हात उचलला गेला नाही. "तुला हा शहाणपणा कुणी शिकवला?"

"ताईनं," वायरमन म्हणाला, आणि म्हणून टाकल्यावर त्याला इतकं हलकं वाटलं की पुढचं आपोआप आलं. "दुसरं ऑपरेशन झालं त्याच आठवड्यात मला बोलावून म्हणाली, यांच्या मागून एक हात फिरवत जा, पण यांना कळता कामा नये. रोज संध्याकाळी फोन करून विचारते, आज काय?"

मिस्त्री घरी गेला तो तणतणतच. शेजारीण त्याचा चेहरा बघून चप्पल घालून निघूनच गेली. बायको भिंतीकडे तोंड करून पडली होती; वळवायची वेळ झाली होती. भांडायचं असलं तरी आधी वळवायला हवं. त्यानं एक हात खांद्याखाली घातला, एक कमरेखाली, तिला स्वतःकडे वळवलं, उशी लावली, मग खुर्ची ओढून बसला.

"तुझ्या भावाला माझ्या मागावर तू लावलंस?"

"लावलं," ती म्हणाली. जराही बिचकली नाही.

"मला विचारायचं तरी होतंस."

"तुम्हाला विचारून काय ऐकायचं होतं? माझे हात मला माहीत आहेत, हेच ना?"

"आहेतच माहीत."

"आहेत?" बोलावं की नाही असा विचार तिनं केला, आणि मग बोललीच. "मागच्या महिन्यात तुम्ही मला रात्रीची गोळी दोनदा दिलीत. अर्ध्या तासानं पुन्हा उठलात आणि पुन्हा तीच दिलीत. मी तोंडात धरली आणि तुम्ही पाठ फिरवल्यावर थुंकून टाकली."

"का नाही बोललीस?"

"काय बोलू? रात्री दोन वाजता उठलेल्या माणसाला काय बोलू? उशीखाली रुमाल ठेवते मी. तेव्हापासून प्रत्येक गोळी आधी जिभेवर धरते, ही दिली होती का ते आठवते, मग गिळते, नाहीतर रुमालात टाकते."

त्यानं उशीखाली हात घातला. रुमाल होता, घडी घातलेला, त्याला पिवळे डाग पडलेले. एकाहून जास्त डाग होते. त्यानं ते मोजले नाहीत. सात महिने आपण हिला सांभाळतोय असं तो समजून चालला होता, आणि ही भिंतीकडे तोंड करून, जागची हलत नसताना, त्याला सांभाळत होती. त्याला रडू आलं. चौतीस वर्षं गाड्या दुरुस्त करत आलेला मिस्त्री बायकोच्या खाटेशी बसून रुमालात तोंड खुपसून रडला, आणि तिनं त्याला रडू दिलं.

मग ती म्हणाली, "त्याला फोन लावा."

"कुणाला?"

"माझ्या भावाला. तुम्हीच लावा. माझं तो कधी ऐकत नाही."

मिस्त्रीनं फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"आज रात्री येशील का?" मिस्त्री म्हणाला. "मला झोपायचंय."

"निघालो, दाजी."

"त्याला सांगा, उशी स्वतःची आण," बायको खाटेवरून म्हणाली.

मिस्त्रीनं निरोप सांगितला आणि फोन ठेवला. संध्याकाळचे साडेसहा वाजले होते, बाहेर अजून उजेड होता. बूट काढायला म्हणून तो खाली वाकला, एक बूट काढला आणि तसाच खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर आडवा झाला. मेहुणा आला, दाराची बेल दोनदा वाजली, बायकोनं हाका मारल्या. त्याला काहीच ऐकू आलं नाही. शेवटी शेजारणीनं तिच्याकडच्या किल्लीनं दार उघडून दिलं.